रिकाम्या टबाची रेघ

१

माझा स्वभाव किचकट आहे. हे मला आजवर इतक्या जणांनी सांगितलंय की आता नव्यानं कोणी सांगितलं तर मी फक्त "हो, माहितीय" म्हणतो. कारखान्यात मी मालाची तपासणी करायचो. एखाद्या नटाचा आटा केसभर चुकला तरी आख्खी पेटी परत पाठवायचो. पोरं मागून मला 'भिंग' म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्यामुळे बायकोसाठी हॉट टब घ्यायचं ठरलं तेव्हा त्या दुकानदाराचा मी किती जीव खाल्ला असेल, याची कल्पना करा. टब घ्यायचा तो चैन म्हणून नाही. तिचे सांधे धरले होते. सकाळी उठली की गुडघे वाकायचे नाहीत, आणि हाताची बोटं मिटलेली असायची ती उघडायची नाहीत. बोटांच्या पेरांवर हरभऱ्याएवढ्या गाठी आल्या होत्या. रोज सकाळी मी तेल लावून ती बोटं एकेक करून सोडवायचो, आणि ती ओरडायची, "अहो, हळू! नट आवळताय का?" मला हळू जमत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज गरम पाण्यात बसवा. लेकीनं फोनवर टबाचं सुचवलं, आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो त्या तेलाच्या बाटलीतून.

दुकानदार रंग दाखवत होता. मी विचारलं, "पाण्यासकट आणि माणसांसकट वजन किती?" त्यानं आतून कोणालातरी बोलावलं. आकडा ऐकल्यावर मी मागच्या अंगणातल्या फरश्या उखडायला लावल्या आणि काँक्रीटचा ओटा घालून घेतला, नाहीतर वर्षभरात टब एका बाजूला कलला असता.

मग वायरमन आला. भला माणूस, पण कामात 'चलता है'वाला. म्हणाला, "काका, किचनचीच लाइन पुढे ओढू की. काय होतंय?"

"काय होतंय? तुझ्या बापानं पाण्यात बसून लाइट लावला होता का कधी?" मी त्याला धारेवरच धरलं. मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तिच्यावर दुसरं काहीही नाही. जाड केबल, तीही पाइपातून. नवीन अर्थिंग. ईएलसीबी, म्हणजे करंट जरा जरी भलतीकडे गेला तरी टक्कन पडून लाइन तोडणारं बटण. आणि शेवटी तो मोठा स्विच.

त्या स्विचचा एक नियम आहे. टबात बसलेल्या माणसाला तो दिसला पाहिजे, पण त्याचा हात तिथे पोचता कामा नये. ओल्या हातानं कोणी स्विच धरू नये म्हणून. आणि बाहेरचा माणूस मात्र टबाकडे बघत बघत लाइन बंद करू शकला पाहिजे. वायरमननं तो टबाच्या अगदी शेजारी लावला होता. मी काढायला लावला. बायकोला कोरड्या टबात बसवलं आणि हात लांब करायला सांगितलं.

"नाही पोचत हो! अजून किती लांब नेताय? शेजाऱ्यांच्या घरात लावता का?"

तिच्या हाताचा काय भरवसा, तो पूर्ण उघडतच नव्हता. म्हणून मी सरळ समोरच्या भिंतीवर लावून घेतला. वायरमन म्हणाला, "काका, इथून ओरडावं लागेल एकमेकांना." म्हटलं, ओरडू. आमचं तसंही तसंच चालतं.

टबात तीन बैठका होत्या. दोन साध्या आणि तिसरी कोपऱ्यात, खोल. तिच्यात बसलेल्या माणसाची मान पाण्याच्या वर येईल की नाही, शंकाच होती.

"आपण दोघं. तिसरी कोणाची?" मी म्हटलं.

"तुमच्या आईची," ती म्हणाली. "त्यांनी कधी आपल्याला एकटं सोडलंय?"

वायरमन इतका हसला की त्याच्या हातातला पेचकस टबात पडला.

२

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. सकाळचा चहा झाला की ती पाण्यात उतरायची. मी जाळीच्या दाराशी पेपर घेऊन बसायचो. पंपाची घरघर आणि बुडबुड्यांचा आवाज चालू असायचा. एकदा तिनं पाण्याबाहेर हात काढला आणि मला दाखवला. पंजा निम्म्याहून जास्त उघडला होता. मला भरून आलं, पण मी म्हटलं, "पाणी बाहेर सांडतंय."

सांडण्यावरूनच मी रेघा मारल्या. पाणी एका ठरावीक पातळीच्या खाली गेलं तर पंप हवा ओढतो, आणि फार वर असलं तर माणूस बसल्यावर काठावरून वाहतं. म्हणून टबाच्या आतल्या बाजूला मी ऑइल पेंटनं दोन रेघा मारल्या. खालची रिकाम्या टबाची. वरची, ती आत बसली की पाणी जिथे चढतं तिथली. दोन्हींत चार बोटांचं अंतर होतं.

"झालं, माझंही माप घेतलं," ती म्हणाली. "आता मी जाड झाले तर परत पाठवा पेटीत घालून."

एका सकाळी मी झाकण उघडलं. पाणी वरच्या रेघेवर होतं.

मी घरात जाऊन तिला विचारलं, "पाणी कशाला भरलंस?"

"मी? मला चहाचा कप धरवत नाही, मी बादल्या भरणार?"

नळ घट्ट बंद होता. झाकणाचे पट्टे मीच आवळले होते, ते तसेच होते. म्हटलं, पाणी तापलं की फुगतं. पण चार बोटं फुगतं? मग म्हटलं, ओटा खचला असेल, टब कलला असेल. लेव्हलची बाटली आणून चारही बाजूंना लावून बघितली. बुडबुडा बरोबर मध्यावर. शेवटी वैतागून मी तांब्यानं जास्तीचं पाणी उपसलं आणि खालच्या रेघेला आणून ठेवलं.

त्या दिवशी तिच्या पाठीत उसण भरली होती, म्हणून ती बसली नाही. दुपारी मी सहज झाकण उचललं. पाणी खालच्या रेघेच्याही खाली होतं. बरोबर चार बोटं.

मी झाकण धरून उभाच राहिलो. कोणी पाणी ओतलं असतं, तर उपसल्यावर ते रेघेला राहायला हवं होतं. ते खाली गेलं, याचा अर्थ सकाळी पाणी जास्त नव्हतंच. पाणी तेवढंच होतं. पाण्यात काहीतरी होतं, आणि आता नव्हतं.

हा हिशोब बरोबर आहे हे मला कळत होतं, आणि म्हणूनच मी तो मनातून काढून टाकला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची एखादी चूक सापडली तर बरंच वाटतं. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलंय, वय झालं. पुन्हा नळ सोडून पाणी खालच्या रेघेला आणलं, आणि तिला काही बोललो नाही.

३

त्यानंतर ईएलसीबी पडायला लागला.

ती काठावर बसून पाय पाण्यात सोडायची, आणि बोर्डात टक्. पंप बंद, हीटर बंद. मी जाऊन बटण वर करायचो. ती पुन्हा पाय सोडायची. टक्. मी हात घातला तर काही नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत घालून ढवळलं, तरी काही नाही. तिच्या पायाचा अंगठा पाण्याला लागला की टक्.

"माझ्यावरच का दात आहे मेल्याचा?" ती म्हणाली. हसत होती, पण पाय तिनं वर घेतला होता.

वायरमन आला. मीटर लावून हीटर तपासला, पंप तपासला, पाण्यात वायरी सोडून बघितलं. "काका, पाण्यात काही नाही. एकदम स्वच्छ."

"मग पडतो कशाला?"

त्यानं डोकं खाजवलं. "हे कसं असतं, जेवढा करंट जातो तेवढा परत यायला लागतो. कमी परत आला की हा समजतो, मधे कोणीतरी खातंय. मग पाडतो. बाकी याला डोकं नाही."

"कोण खातंय?"

"तेच तर. कोणी नाही." त्यानं ईएलसीबी बदलला. नवाकोरा, माझ्यासमोर खोका फोडून. बायकोनं पाय बुडवला. टक्.

वायरमन जरा वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग अवजारं गोळा करायला लागला. चहा टाकलाय म्हटलं तरी थांबला नाही. फाटकाशी गेल्यावर म्हणाला, "काका, थोडे दिवस बंदच ठेवा ना."

"का?"

"असंच. दमट हवा आहे," तो म्हणाला. ऊन चांगलं कडकडीत पडलं होतं.

४

टब बंद राहिला आणि तिचे हात पुन्हा मिटले. ह्या वेळी आधीपेक्षा वाईट. चमचा धरवेना, म्हणून मी भरवायचो, आणि मला भरवताही हळू येत नाही. पुन्हा तेलाची बाटली, पुन्हा रोजचं "अहो, हळू". एकदा मी करवादलो, "मग तूच सोडव तुझी बोटं!" तिनं हात ओढून घेतला. भिंतीकडे तोंड करून रडत बसली. रडताना तिला डोळेही पुसता येत नव्हते, आणि मी पुसायला गेलो नाही, कारण माझे हात तेलकट होते. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

रडणं थांबल्यावर म्हणाली, "मला एकदा त्या पाण्यात बसू द्या. फक्त एकदा. काय व्हायचं ते होऊ दे."

मी बोर्ड उघडून बसलो. दोन वेगवेगळे ईएलसीबी तपासून झाले होते. पाणी तपासून झालं होतं. अर्थिंग माझ्या देखरेखीखाली झालं होतं. सगळं पास, मग नापास काय करायचं? कारखान्यात अशी एक पद्धत होती. मशीनचं आपोआप थांबवणारं कळसूत्र उगाचच मशीन पाडायला लागलं की ते बाजूला काढायचं आणि त्याच्या जागी स्विचवर एक माणूस उभा करायचा. डोळे कामावर आणि हात स्विचवर. पाळीभर तो दुसरं काही करत नाही. मी स्वतः अशा कागदांवर सह्या केल्या होत्या. एकदाही अपघात झाला नव्हता.

मी ईएलसीबी बाजूला काढला आणि तारा थेट जोडल्या.

"मी स्विचजवळ उभा राहतो," तिला म्हटलं. "तू बाहेर येईपर्यंत हलणार नाही. जरा काही वाटलं की ओरड."

"पेपरही वाचायचा नाही?"

"पेपरही नाही."

"अगं बाई, केवढं हे प्रेम!" ती म्हणाली. खूप दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

५

सकाळ होती. अंगणात लख्ख उजेड. मी आधी झाकण काढून बघितलं. पाणी खालच्या रेघेला होतं, अगदी बरोबर. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तिला धरून आत उतरवलं, साध्या बैठकीवर बसवलं. पाणी चढलं ते वरच्या रेघेला. तेही बरोबर. मग मी समोरच्या भिंतीशी गेलो आणि स्विच चालू केला.

काही पडलं नाही. पडायला काही ठेवलंच नव्हतं. पंप घरघरला, बुडबुडे उसळले, फेसात दोन्ही रेघा दिसेनाशा झाल्या. मी हात स्विचवर ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिलो. तिनं मान काठावर टेकली आणि डोळे मिटले. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो असा दिसायचा.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बरं केलंत."

"काय?" पंपाच्या आवाजात मला ओरडावं लागलं.

"म्हटलं, बरं केलंत. इतक्या वर्षांत कधी असा हात धरला नव्हता तुम्ही."

मला वाटलं, जुनं काहीतरी आठवतेय. "कधीची गोष्ट सांगतेस?"

"आत्ताची." तिचे डोळे मिटलेलेच होते. "किती हळू सोडवताय. एकेक बोट. मला वाटायचं, तुम्हाला येतच नाही."

मी माझ्या हाताकडे बघितलं. तो स्विचवर होता. दुसरा हात खिशात होता. तरी मी तो बाहेर काढून बघितला, म्हणजे बघा.

"सोडू नका हं," ती म्हणाली.

मी स्विच खाली ओढला. त्यासाठीच तर मला उभं केलं होतं. पंप थांबला. अंगण एकदम गप्प झालं. फेस विरायला लागला आणि पाणी शांत झालं, तेव्हा मला दिसलं की वरची रेघ कुठेच नाही. ती पाण्याखाली गेली होती. पाणी काठाला लागलं होतं.

तिचा उजवा हात पाण्याखालून कोपऱ्यातल्या त्या खोल बैठकीकडे गेला होता. पंजा पूर्ण उघडा होता. कित्येक वर्षांत मी तो तसा बघितला नव्हता. बोटं सरळ, एकमेकांपासून सुटी, आणि त्या बोटांच्या मधे दुसरी बोटं होती. पांढरी, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. मनगटापासून पुढे, पावसासाठी त्या कोपऱ्यावर घातलेल्या पत्र्याची सावली पाण्यावर पडली होती, तिथलं मला दिसलं नाही. मी दोन पावलं पुढे गेलो असतो तर दिसलं असतं. मी गेलो नाही.

आवाज थांबला म्हणून तिनं डोळे उघडले. समोर भिंतीशी मी.

"अहो, तुम्ही तिथे?"

मग तिनं वळून स्वतःच्या हाताकडे बघितलं. ओरडली नाही. पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि डावा हात पाण्याबाहेर काढून माझ्याकडे लांब केला. मी धावलो. अंतर फार नव्हतं, पण मीच ते मुद्दाम ठेवलं होतं. मी अंगणाच्या मध्यावर होतो तेव्हा ती बैठकीवरून सरकली, कोणी पलंगावरच्या मुलाला कडेवर घ्यावं तशी, अलगद. लांब केलेला हात सगळ्यात शेवटी गेला.

पोचता कामा नये असा नियम होता. नाही पोचला.

मी आत उडी टाकली, तिला काखेत धरून ओढलं. वजन एका माणसाचं नव्हतं. मी ओढत राहिलो, तिचं नाव घेऊन ओरडत राहिलो, आणि मग एकाएकी ती हलकी झाली आणि माझ्या अंगावर आली. तोवर उशीर झाला होता.

६

बोर्ड उघडल्यावर सगळ्यांना थेट जोडलेल्या तारा दिसल्या. वायरमन शपथेवर म्हणाला, "हे मी केलेलं नाही, काकांनी स्वतः केलंय." खरंच बोलला तो. मग डॉक्टरांचा अहवाल आला. शॉक नाही, पाणी छातीत गेलं. घसरली असावी, असं सगळ्यांनी ठरवलं. लेकीनं नाही ठरवलं. ती पेटी भरत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्हीच मारलंत आईला." मी वाद घातला नाही. माझ्या तारेनं मेली असती तर मी ते कबूल करून मोकळा झालो असतो, आणि रात्री झोपलोही असतो.

जाताना ती म्हणाली, "तो टब आधी फोडून टाका."

फोडणारच होतो. तिची गाडी वळल्यावर हातोडा घेऊन मागे गेलो आणि पाणी सोडून द्यावं म्हणून झाकण उचललं. टबात कोणी नव्हतं. तपासणीसाठी तो रिकामा करून पुन्हा खालच्या रेघेला भरला होता. पाणी वरच्या रेघेच्याही वर होतं. वर किती, ते बोटांनी मोजलं. चार बोटं.

दोन रेघांमधली पहिली चार बोटं मला ओळखीची होती. ती बरेच दिवस येत-जात होतीच. दुसरी चार कोणाची, हे मला कोणी सांगायला नको. त्या रेघेचं माप मी स्वतः घेतलं होतं.

मी हातोडा खाली ठेवला आणि हळूच म्हटलं, "अगं."

पाणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ईएलसीबी पुन्हा जोडला, नीट, नियमाप्रमाणे. लाइन चालू केली, काठाशी बसलो आणि पाण्यात हात घातला. पूर्वी कोपरापर्यंत ढवळलं तरी काही व्हायचं नाही. आता बोटं बुडली न बुडली तोच बोर्डात टक् झालं. पंप थांबला, आणि शांत पाण्यात एक हात आला.

तेव्हापासून रोज सकाळी मी तिथे बसतो. तो हात रोज येतो. माझी बोटं धरतो, फार हळू, एकेक करून. घाई नसते त्याला. मी डोळे मिटून त्याची पेरं चाचपतो. एक, मग दुसरं, मग तिसरं. सगळी सपाट. गाठी नाहीत.

तिचा नाही तो. ती आहे तिथेच, पाण्याची पातळी खोटं बोलत नाही. मी विचारतोही तिला. "अगं, मी आहे. हळू धरीन. शिकलोय आता." कोपऱ्यात पाणी जरासं हलतं, आणि पुन्हा तोच हात माझ्या हाताशी येतो. तिचा येत नाही.

उद्या चहा झाला की परत बघीन.